समुद्री गवताचा पट्टा आक्रसतोय: लावणी आधी की कारण आधी?

खाजणवाट

उथळ, अर्धबंदिस्त उपसागरातल्या समुद्री गवताच्या पट्ट्याबद्दल विचारायचं आहे. उधाणाच्या ओहोटीला किनाऱ्याकडच्या कडेवर जेमतेम अर्धा मीटर पाणी उरतं. समुद्राकडची कड सरासरी पातळीखाली चार मीटरपर्यंत जायची. तळ बाहेर बारीक वाळूचा, आत चिखलाचा. माशांची बोटुकली, कोळंबीची पिल्लं, खेकडे यांचा निवारा म्हणजे हाच पट्टा.

सध्या तीन बदल एकाच वेळी दिसतात. खोल पाण्याकडची कड किनाऱ्याकडे सरकली आहे. होड्या कायम बांधून ठेवतात तिथे गवतात उघडी, गोल टकलं पडली आहेत. आणि उरलेल्या पानांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढतो.

मच्छीमार संस्था आणि स्वयंसेवक मिळून गवताची लावणी करायच्या विचारात आहेत. माणसं भरपूर, निधी बेताचा. लावणी आत्ता करण्यात अर्थ आहे का? तिन्ही बदलांचं कारण एकच आहे की वेगवेगळी, हे महागड्या उपकरणांशिवाय कसं ओळखायचं? होड्या तिथून हलवणं शक्य नसेल तर बांधण्याची पद्धत बदलून काही होतं का? आणि माशांना खरोखर फायदा होतोय हे कशावरून कळेल?

गाळमोजणी

लावणी आत्ता नको. गवत ज्या कारणाने गेलं ते कारण तिथेच असेल तर नवीन रोपंही त्याच कारणाने जातील, आणि ती रोपं ज्या चांगल्या पट्ट्यातून काढली तोही विरळ होईल.

नुकसानीचा आकार नीट पाहिला तर निम्मं निदान तिथेच होतं. खोल कड मागे सरकते तेव्हा प्रकाश कमी पडतोय. गोल टकलं म्हणजे होडी बांधायची साखळी. अरुंद, सरळ किंवा किंचित वळणाचे चर म्हणजे होडीचा पंखा. रुंद, समांतर पट्टे म्हणजे तळ खरवडणारी जाळी. सगळा पट्टा सारखाच विरळ झाला आणि पानांवर थर असला तर पाण्यात पोषकद्रव्यं जास्त आहेत किंवा तो थर खाणारे जीव कमी झालेत. उष्ण, वारा पडलेल्या दिवसांनंतर ठिगळं अचानक मेली आणि तळ उकरल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर सल्फाइड मुळांत शिरलंय. पानांवर काळपट डाग आणि रेघा पसरत असतील तर लॅबिरिंथुला या सूक्ष्मजीवाचा रोग तपासा. १९३० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचं गवत त्यानेच साफ केलं होतं. तुमच्याकडे किमान दोन कारणं आहेत: टकलांचं वेगळं, आणि कड व थर यांचं बहुधा एकच.

आता प्रकाश. समुद्री गवत हे शेवाळ नव्हे. त्याला मुळं आहेत, गाळाखाली आडवं पसरणारं खोड आहे, फुलं आणि बी आहे. जमिनीखालच्या या भागाला ऑक्सिजन पानांकडूनच पोचतो, म्हणून त्याची प्रकाशाची भूक शेवाळापेक्षा कितीतरी मोठी. पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या साधारण १० ते २५ टक्के प्रकाश जातीनुसार लागतो. नियोजनासाठी २० टक्के धरा.

मोजणीला सेकी डिस्क पुरते. ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी चकती, खाली वजन, न ताणणारी दोरी, दर १० सेंटिमीटरला खूण. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्यायची. चकती जिथे दिसेनाशी होते तिथे साधारण १८ ते २० टक्के प्रकाश उरतो. म्हणजे वर्षभराची सरासरी सेकी खोली हीच ढोबळमानाने गवताची खोल मर्यादा.

अडचण अशी की उथळ पाण्यात चकती दिसेनाशी होण्याआधीच तळाला टेकते. तसं झालं तर जवळच्या खोल पाण्यात मोजा, किंवा एका खांबावर १ मीटरच्या अंतराने दोन प्रकाशनोंदी यंत्रं बसवा. स्वस्त, लक्स मोजणारी चालतात, कारण आपल्याला फक्त गुणोत्तर हवंय. वरचा आकडा भागिले खालचा आकडा, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले अंतर: हा झाला प्रकाश क्षीण होण्याचा गुणांक. १.६१ ला या गुणांकाने भागलं की २० टक्के प्रकाशाची खोली मिळते. वर ४०० आणि खाली २०० असेल तर गुणांक ०.६९, मर्यादा २.३ मीटर. यंत्राची काच दर आठवड्याला पुसली नाही तर त्यावरच्या शेवाळामुळे पाणी गढूळ झाल्याचा भास होतो. सगळ्यात जास्त नोंदी इथेच वाया जातात.

तुमच्या कडेचा हिशेब करून बघा. ४ मीटरवर गवत टिकायला गुणांक ०.४० च्या आत हवा. तो नुसता ०.५५ झाला की मर्यादा २.९ मीटरवर येते. तळाचा उतार शंभरात एक असेल तर ही १.१ मीटरची घट म्हणजे आडवा ११० मीटर रुंदीचा पट्टा गेला. डोळ्यांना पाणी जवळपास तसंच दिसत असतं.

पाणी गढूळ कशाने होतंय हे ओळखायला गाळणीची चाचणी करा. काचतंतूची गाळणी वाळवून तोला, त्यातून एक लिटर पाणी गाळा, मग थोडं शुद्ध पाणी ओतून मीठ धुवा. हे धुणं विसरलं तर मिठाचंच वजन मोजलं जातं. १०५ अंश सेल्सिअसला वाळवून तोला, मग ५५० अंशांना जाळून पुन्हा तोला. पहिला फरक म्हणजे एकूण तरंगता गाळ, दुसरा म्हणजे त्यातला सेंद्रिय भाग. सेंद्रिय भाग मोठा असला तर सूक्ष्म शैवाल वाढलंय, म्हणजे सांडपाणी आणि खतं यांच्याकडे वळा. माती जास्त असली तर पाणलोटातली धूप, गाळ उपसणं, किंवा उघड्या पडलेल्या तळावरून लाटांनी उठणारा चिखल. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी सहज होते.

पानांवरच्या थरासाठी सारख्या उंचीचे २० फुटवे घ्या. प्रत्येकाचं सर्वांत आतलं कोवळं पान आणि सर्वांत बाहेरचं जुनं पान प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा, थर आणि पान वेगवेगळे वाळवून तोला. जुन्या पानावर थर असणं नेहमीचंच. कोवळ्या पानावरच जाड थर असेल तर वाढ फार वेगात आहे. हा थर खाणारे छोटे झिंगे, गोगलगायी आहेत का तेही पाहा. कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत पोषकद्रव्यं भरपूर असूनही समुद्री पाणमांजरं परतल्यावर गवत सुधारलं: पाणमांजरांनी खेकडे खाल्ले, खेकड्यांपासून वाचलेल्या गोगलगायींनी पानं स्वच्छ केली. तेव्हा मोठ्या शिकारी माशांची मासेमारी हाही गवताचाच प्रश्न आहे.

पाणी निवळलं की काय होतं याचं टँपा उपसागर हे उत्तम उदाहरण. फ्लोरिडातल्या या उपसागरात १९८० च्या सुमारास सांडपाणी केंद्रं नायट्रोजन काढून टाकू लागली. १९८२ मध्ये २१,६०० एकरांवर आलेलं गवत २०१४ च्या पाहणीत ४०,००० एकरांवर पोचलं होतं, बहुतांश आपोआप पसरून. २०१६ नंतर ते पुन्हा घटलं. म्हणून मोजणी कधी थांबवायची नसते.

साखळदंड

होड्यांबद्दल. त्या न हलवताही टकलं थांबवता येतात, आणि माझ्या मते तुमचा पहिला रुपया इथेच जावा, कारण परिणाम निश्चित आहे.

नेहमीच्या पद्धतीत तळाला काँक्रीटचा ठोकळा, त्याला जड साखळी, वर बोया. ओहोटीला साखळीचा बराच भाग तळावर लोळतो आणि वारा फिरला की झाडूसारखा फिरतो. ५ मीटर साखळी तळावर पडत असेल तर ७८ चौरस मीटरचं वर्तुळ साफ होतं. एका होडीमागे एवढं. शिवाय वर्तुळाच्या कडेला आडवी खोडं उघडी पडतात, खालची वाळू वाहून जाते आणि खड्डा साखळीच्या पल्ल्याबाहेरही वाढतो.

बदलायचं ते असं. ठोकळ्याऐवजी मळसूत्री नांगर, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पोलादी दांडा आणि त्यावर तिरपी गोल पाती. पाणबुडे तो स्क्रूसारखा तळात फिरवून बसवतात, वर फक्त डोळा, म्हणजे दोरी बांधायची कडी, राहतो. त्याला साखळी न जोडता ताणली जाणारी दोरी जोडायची, किंवा साधी दोरी आणि मध्यपाण्यात एक छोटा बोया, जो दोरी सतत उचलून धरतो. तळाला काहीच घासत नाही हे एकमेव तत्त्व.

काय बिघडतं ते आधीच सांगतो. मऊ चिखलात वाळूसाठीचा छोटा नांगर धरत नाही. दांडा लांब आणि पाती मोठी किंवा दोन हवीत. म्हणून आधी लोखंडी सळी खुपसून चिखलाची जाडी बघा आणि बसवल्यावर विंच व भारमापक लावून ओढून तपासा. होडीच्या वजनावरून अंदाज बांधू नका. वादळी लाटेत दोरीला बसणारा झटका हाच खरा भार.

दोरीची लांबी दोन टोकांना तपासायची. उधाणाच्या भरतीला, त्यावर लाटेची उंची धरून, दोरी उभी ताठ होता कामा नये. आणि उधाणाच्या ओहोटीला ती तळावर लोळता कामा नये. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवशी मोजून बसवली की दोन्हीकडे चुकते. मध्यपाण्यातला बोया नवा असताना छान तरंगतो, मग त्यावर शिंपले आणि शेवाळ चढून तो बुडतो आणि दोरी पुन्हा तळ झाडू लागते. दर तीन महिन्यांनी खरवडा, निदान गरम पाण्याच्या ऋतूत तरी. गॅल्व्हनाइज्ड डोळ्याला स्टेनलेस शॅकल (पिन असलेली जोडकडी) लावली तर खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि मग डोळाच. धातू एकच ठेवा, झिजण्यासाठी जस्ताचा तुकडा लावा. शॅकलची पिन तारेने बांधायची, नाहीतर हेलकाव्यांनी सुटते. होडी आणि दोरी यांच्या मध्ये गरगरी (पीळ न पडू देणारी फिरती कडी) हवीच.

जुने ठोकळे ओढत नेऊ नका, नाहीतर टकलाला शेपूट फुटेल. हवेच्या उचल-पिशव्यांनी सरळ वर उचला. खड्डा २० सेंटिमीटरपेक्षा खोल असेल तर त्याच जाडीच्या वाळूने भरा, भोवतालच्या पातळीइतकाच. वर उंचवटा राहिला तर लाट तो पसरवते आणि शेजारचं गवत गाडलं जातं. सैल वाळू वाहून जात असेल तर तागाच्या किंवा सुती नळकांड्या पिशव्यांत भरून ठेवा. त्या कुजून जातात. पंख्याच्या चरांनाही हीच रीत. तिथे सूचना फलकापेक्षा ओहोटीची खूण असलेला खांब उपयोगी पडतो: पाणी या रेषेखाली असेल तर इंजिन उचला.

तात्पुरता नांगर टाकणाऱ्यांसाठी गवताबाहेरची वाळूची ठिकाणं बोयांनी आखून द्या. मनाई करून पर्याय दिला नाही तर मनाई पाळली जात नाही. भूमध्य समुद्रात दोन्ही गोष्टी होतात. बॅलेरिक बेटांनी २०१८ च्या आदेशाने पोसिडोनिया या समुद्री गवतावर नांगर टाकायला बंदी घातली आणि फ्रान्सने २०१९ मध्ये २४ मीटर व त्याहून लांब जहाजांच्या नांगरण्यावर निर्बंध आणले. कारण तसंच सबळ आहे: पोसिडोनिया ओशिआनिकाचं आडवं खोड वर्षाला काही सेंटिमीटरच पुढे सरकतं. एका मोठ्या नांगराचा ओरखडा भरायला पिढ्या जातात.

धक्का बांधायचा असेल तर तो उत्तर-दक्षिण, भरतीच्या पातळीपासून किमान दीड मीटर उंच, अरुंद, आणि वरची फळी जाळीदार ठेवा. भरीव फळीखाली सावलीच्या आकाराचं गवत मरतं.

दर्याकाठ

एक शंका. पंख्याच्या चरांत पक्ष्यांना बसायला खांब रोवायचे, त्यांच्या विष्ठेचं खत मिळून गवत लवकर भरतं असं ऐकलं आहे. इथे जमेल का?

गाळमोजणी

इथे नको. ती पद्धत दक्षिण फ्लोरिडाच्या चुनखडी तळावर चालते, कारण तिथे फॉस्फरसचा तुटवडा असतो आणि खत घातलं की हॅलोड्यूल ही वेगाने पसरणारी जात चर भरून काढते. या पट्ट्यात पानांवर आधीच थर चढतोय. जिथे पोषकद्रव्यं जास्त आहेत तिथे आणखी खत घालून फक्त शेवाळ वाढेल.

खाजणवाट

मनापासून आभार. सेकीची सोय करतो आणि बोयांचं काम संस्थेपुढे ठेवतो. समजा पाणी सुधारलं आणि टकलं थांबली, तरी काही जागी गवत परत येणार नाही अशी भीती आहे, विशेषतः आतल्या चिखलात. तेव्हा लावणी करायची तर कशी? पट्ट्यात एक जात रुंद, पट्टीसारख्या पानांची आहे, एक बारीक गवतासारखी आणि कडेला छोट्या लंबगोल पानांची.

फुटवा

लंबगोल पानांची बहुधा हॅलोफिला, बारीक पानांची हॅलोड्यूल आणि पट्टीसारखी थॅलेसिया किंवा सिमोडोसिया. पट्टीच्या पानाचं टोक भिंगातून पाहा: सिमोडोसिया सेरुलाटा या जातीच्या टोकाला दातेरी कडा असते. जाड खोडावर फुटव्यांच्या मध्ये ठळक व्रण असतील तर थॅलेसिया. ओळख पक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. हॅलोफिला आणि हॅलोड्यूल झपाट्याने पसरतात, गाळात बी साठवून ठेवतात, आणि कारण दूर झालं की बहुतेक वेळा स्वतःच परततात. त्यांची लावणी करण्यात श्रम घालवू नका. मात्र हॅलोफिलाची साठवण तुटपुंजी. महिनाभराच्या अंधारातच ती मरू लागते. त्यामुळे गाळ उपसण्याचं काम महिनाभर चाललं तरी ती कड जाईल. थॅलेसिया हळू पसरते, तिचं बी लगेच रुजतं, साठवता येत नाही.

लावणीबद्दल वस्तुस्थिती अशी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात १,७८६ लावण्या तपासल्या होत्या. तगण्याचं प्रमाण सुमारे ३७ टक्के निघालं. एक लाखाहून जास्त फुटवे किंवा बिया लावलेल्या प्रकल्पांना यश जास्त मिळालं, कारण मोठा दाट पट्टा स्वतःच लाट मंदावतो, गाळ बसवतो, पाणी निवळवतो. चार फुटव्यांच्या ठिगळाला हे जमत नाही. पण थेट लाखापासून सुरुवात करायची नसते. आधी चाचणी, मग एकदम मोठी उडी. मधल्या आकाराच्या हौशी लावण्या सगळ्यात वाईट, त्यांनी ना माहिती मिळते ना गवत.

चाचणी अशी करा. तीन खोल्या निवडा, प्रत्येक खोलीवर १ चौरस मीटरचे किमान चार वाफे, एकमेकांपासून १० मीटर दूर. वाफ्यात २५ सेंटिमीटर अंतराने ४ गुणिले ४, म्हणजे १६ तुकडे. एका तुकड्यात ३-४ फुटवे आणि आडव्या खोडाचा किमान एक वाढता शेंडा. शेंडा नसलेला तुकडा महिनोन्महिने हिरवा दिसतो पण पसरत नाही, आणि मोजणाऱ्याला लावणी यशस्वी वाटते. शेजारच्या धडधाकट गवतातही एक वाफा उकरून परत लावा. तो जगला आणि बाकीचे मेले तर जागा वाईट. तोही मेला तर हात चुकला. या तुलनेच्या वाफ्याशिवाय चाचणीला काही किंमत नाही.

तुकडे काढताना एका चौरस मीटरमधून एकच घ्या आणि कडेवरून नको, मधून घ्या. बोटांनी गाळ सैल करून खोड मोकळं करा, उपटू नका. समुद्राच्या पाण्यात, सावलीत ठेवा, त्याच दिवशी लावा. गोड्या पाण्याने धुवू नका. वादळानंतर सुटून आलेले ताजे तुकडे मिळाले तर उत्तमच. ऑस्ट्रेलियात ऑपरेशन पोसिडोनिया या उपक्रमात किनाऱ्यावर वाहून आलेलेच फुटवे गोळा करून लावतात, जिवंत पट्ट्याला हात लावत नाहीत.

लावताना खोड २ ते ४ सेंटिमीटर खोल, आडवं. पानं जिथून फुटतात तो बुंधा वरच राहिला पाहिजे; तो गाडला गेला की फुटवा कुजतो. पाण्याखाली गढूळलेलं असताना हीच चूक सर्वाधिक होते. वाळूत इंग्रजी यू आकाराची साध्या लोखंडी तारेची खीळ, १५-२० सेंटिमीटर लांब, खोडावर अडकवून दाबायची. ती गंजून जाते. चिखलात खीळ धरत नाही. तिथे बांबूची कामटी वाकवून वापरा किंवा तागाच्या जाळीला तुकडे बांधून जाळी कडेने पुरा. नायलॉन, केबल टाय, प्लॅस्टिक जाळी काहीही तळात सोडू नका. गवत मेलं तरी ते तिथेच राहतं आणि लहान मासे त्यात अडकतात.

बिघाड बहुतेक पहिल्या सहा आठवड्यांत दिसतो. खेकडे रोपं उपटतात, रे मासे तळ उकरतात, बिळं करणारे झिंगे वाळूचे ढीग रोपांवर टाकतात. ढिगांखाली गाडली जात असतील तर लावणीखाली तागाचं गोणपाट अंथरल्याने बिळं काही महिने रोखली जातात. गवत खाणारे मासे एकाच रात्री कोवळी पानं कातरतात; बुंधा शाबूत असेल तर घाबरू नका, पान परत फुटतं. वर्षातल्या सगळ्यात खवळलेल्या ऋतूनंतरही वाफा उभा असेल आणि फुटवे लावले त्यापेक्षा जास्त असतील, तरच मोठ्या लावणीचा विचार.

आतल्या चिखलाबद्दल तुमची भीती रास्त आहे. गवत गेलं की तळ मोकळा होतो, लाट चिखल उठवते, प्रकाश कमी होतो, म्हणून गवत येत नाही. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर १९८० च्या दशकापासून झोस्टेरा या समुद्री गवताचं निम्म्याहून जास्त क्षेत्र गेलं आणि बऱ्याच जागी याच चक्रामुळे ते परतत नाही. तिथे दोन मार्ग अवलंबले जातात: उरलेल्या गवताला लागून, त्याच्या आडोशाने पट्टा हळूहळू वाढवत नेणं, किंवा चिखलावर वाळूचा थर घालून मग लावणी. दुसरा महाग आहे. तुम्ही पहिला धरा, आणि तोही वाळूच्या कडेकडून आत.

बियांचं सगळ्यात मोठं यश व्हर्जिनियाच्या सागरी उपसागरांत मिळालं. १९३० च्या दशकातला रोग आणि १९३३ चं चक्रीवादळ यांनी तिथली झोस्टेरा पूर्ण संपली. १९९९ पासून संशोधकांनी ७ कोटींहून जास्त बिया दोनेकशे हेक्टरांत टाकल्या आणि गवत ३,६०० हेक्टरांवर पसरलं. पण तिथलं पाणी स्वच्छच होतं; फक्त बी पोचत नव्हतं, कारण झोस्टेराचं बी झाडापासून काही मीटरवरच बुडतं. तुमच्या पट्ट्याची अडचण बी नसणं ही नाही, म्हणून ती रीत इथे उचलू नका.

बोटुकली

माशांचा प्रश्न राहिला. तो शेवटी ठेवू नका, कामाला हात लावण्याआधीची मोजणी नसेल तर नंतरच्या मोजणीतून काहीच सिद्ध होत नाही.

गवतासाठी सीग्रास-वॉच या समुद्री गवताच्या पाहणी उपक्रमाची रीत घ्या: ५० मीटरच्या तीन समांतर रेषा, एकमेकींपासून २५ मीटरवर, दर ५ मीटरला ५० गुणिले ५० सेंटिमीटरची चौकट, म्हणजे ३३ चौकटी. प्रत्येकीत आच्छादनाचा टक्का, जाती, पानाची उंची, थर आणि शेवाळ. डोळ्याचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून फोटोंचा एकच संच समोर ठेवून सगळ्यांनी आधी सराव करायचा. ही रेषा मात्र किनाऱ्याजवळची असते. खोल कड तिच्यात येत नाही. त्यासाठी कडेवर खुंट्या ठोका आणि दर वर्षी त्याच महिन्यात खुंटीपासून कडेचं अंतर मोजा. तुमच्या बाबतीत हाच सर्वांत बोलका आकडा.

मासे मोजायला विरळ होणाऱ्या गवतावर रापण ओढू नका. तळाला ठेवलेला छोटा कॅमेरा, समोर १ मीटरवर खूण केलेली काठी, आमिषाशिवाय, एका वेळी अर्धा तास. तीन प्रकारच्या जागा: दाट गवत, सुधारतं टक्कल, आणि गवताबाहेरची उघडी वाळू. नवीन बोया बसवलेल्या टकलांसोबत जुन्याच साखळीची काही टकलं पहिल्या वर्षी मुद्दाम तशीच ठेवता आली तर तुलना पक्की होते. पाणी गढूळ असेल तेव्हाच्या चित्रफिती बाद करा, नाहीतर मासे कमी नव्हेत, दिसणं कमी असतं.

मोजताना नुसती संख्या लिहू नका, लांबी लिहा. बोटभर पिल्लांचे गट दर हंगामात दिसले आणि पुढच्या महिन्यांत त्यांची लांबी वाढत गेली तर पट्टा पिल्लं वाढवण्याचं काम करतोय. फक्त मोठे मासे दिसले तर ते चरायला येऊन जाताहेत. रात्रीची मोजणीही हवी. कोळंबी आणि अनेक जातींची पिल्लं दिवसा गवतात दबून असतात.

मच्छीमार संस्थेकडे मागण्यासारखं एकच ठरवायचं असेल तर ते असं: तळ खरवडणारी जाळी गवतावर नको, आणि मत्स्यबीज गवतात उतरतं त्या आठवड्यांत पट्ट्यावर कोणतीही बारीक आसाची जाळी नको. युरोपीय संघाच्या भूमध्य समुद्रासाठीच्या २००६ च्या नियमांत गवतावर ट्रॉल ओढायला मनाई आहेच. ते आठवडे कोणते हे संस्थेतल्या जुन्या लोकांना पुस्तकापेक्षा नेमकं माहीत असतं, त्यांनाच तारखा ठरवू द्या. गळ, आणि गवताबाहेरच्या वाळूवरचे सापळे चालू ठेवायला हरकत नाही.

खाजणवाट

क्रम असा लावतो: आधी कडेवरच्या खुंट्या, सेकी आणि कॅमेरा, त्यासोबत निम्म्या बोया बदलणं, उरलेल्या तुलनेसाठी ठेवून, पाण्याच्या गाळणीचा निकाल आल्यावर सांडपाण्याचा विषय. वाफे पुढच्या खवळत्या ऋतूच्या आधी की नंतर?

फुटवा

नंतर, पाणी शांत झालं की लगेच, म्हणजे मुळं धरायला पूर्ण शांत ऋतू मिळतो आणि पुढच्या खवळत्या ऋतूत खरी परीक्षा होते. जागा मात्र आत्ताच ठरवा आणि तिथे प्रकाशनोंदी यंत्र आत्तापासून ठेवा. वर्षभरात २० टक्क्यांच्या खाली जास्त काळ जाणारी जागा लावणीआधीच यादीतून काढता येईल.